आधी तिला पाणी द्या

पारनेरच्या स्टँडवर एस.टी. सुटता सुटता आईने खिडकीतून भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तिथं पानी हाय, मानसंबी आसतील. जीव लाव." दुष्काळाचं साल होतं. आमच्या विहिरीला तळ लागला होता. यजमान कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्यात फिटर होते आणि लग्नानंतर दोन महिन्यांनी मी त्यांच्याकडे निघाले होते.

पाणी तिथे खरंच होतं. कॉलनीत दाराशी नळ, पलीकडे कालवा, नजर जाईल तिकडे ऊस. माणसांशी मात्र जमेना. सगळ्या बायका अगदी पुस्तकातलं बोलायच्या. एकदा मी "लई" म्हणाले तर शेजारच्या सुमनबाई हसल्या. त्यानंतर मी तोंडच उघडलं नाही. चार महिन्यांनी आई भेटायला आली तेव्हा माझी पत्र्याची पेटी भरलेली होती. तिच्याबरोबर परत जायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. अजून कोणाला सांगितलं नव्हतं, इतकंच.

त्या रविवारी दुपारी कारखान्याच्या मैदानात संगीत नाटक होतं. जुन्या वळणाचं, राजपुत्र-राजकन्येचं, घडीघडीला पद. सगळा मांडव रंगला होता. सुमनबाईंचे सासरे मांडीवर ठेका धरून डोलत होते. आईने असं नाटक आयुष्यात पाहिलं नव्हतं. ती पापणी न हलवता बघत होती.

तिसऱ्या अंकात राजकन्या अरण्यात तहानेने कोसळली. राजपुत्राने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि पद सुरू केलं. लोकांनी वन्स मोअर दिला. त्याने पुन्हा म्हटलं. पुन्हा वन्स मोअर. तिसऱ्यांदा पेटीचे सूर निघाले तशी आई माझ्या शेजारून उठून उभी राहिली.

"अवो दादा, गानं मागनं म्हना. आदी तिला पानी द्या."

पेटी थांबली. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. मग राजपुत्राने आईला हात जोडले आणि विंगेकडे बघून पाणी मागितलं. कोणीतरी स्टीलचा पेला आणून दिला. राजकन्या उठून बसली आणि गटागटा प्यायली. एवढ्या उकाड्यात अंगावर जरीचा शालू, तिला खरोखरच तहान लागली असणार. मग जो हशा उठला, टाळ्या पडल्या! आई खाली बसत म्हणाली, आता म्हना. त्याने म्हटलं, आधीपेक्षा खड्या आवाजात.

सुमनबाई डोळे पुसत आमच्याकडे सरकल्या आणि त्यांनी आईचा हात धरला. "मावशी, माजी आय आसती तर तिनंबी ह्येच केलं आसतं."

त्या पाथर्डीकडच्या निघाल्या. माझं "लई" ऐकून त्यांना माहेर आठवलं होतं, म्हणून त्या हसल्या होत्या, हे त्यांनीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आई आमच्या ओट्यावर कॉलनीतल्या पाच-सहा बायकांच्या घोळक्यात बसून चहा पीत होती. आत मी माझी पत्र्याची पेटी रिकामी केली. मंगळवारी ती एकटीच परत गेली.

गावाकडचे तुम्ही अजून विचारता, तिकडं करमतं का. पारनेरची ओढ सुटली नाही, सुटायचीही नाही. पण इथेही आता मला शब्द तोलून बोलावा लागत नाही. संध्याकाळी सुमनबाई आणि मी ओट्यावर बसतो, तेव्हा दोघींच्या सुना आतून म्हणतात, जरा हळू बोला. आम्हाला काही ते जमत नाही.