लाल टपावरचे ओरखडे

पंचावन्नाव्या वर्षी माणसानं गुडघे तपासून घ्यावेत. मी दोन दारांची, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी लाल स्पोर्ट्स कार घेतली, तीही जुनी. अमरावतीत तिला पळायला जागा नाही, स्पीडब्रेकरवर पोट घासायला मात्र हवी तेवढी आहे. बायकोनं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "तिसरं माणूस काय डिक्कीत बसवायचं?"

तिसरं माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना मामी म्हणतो. जन्मभर भाजीचा मळा केला, भाजी बाजारात स्वतः बसून विकली. सासरे गेल्यावर बार्शीटाकळीला एकट्याच राहत होत्या. दोन वर्षं विनवण्या करून यंदा आम्ही त्यांना कायमचं अमरावतीला आणलं.

एप्रिलात त्यांनी मुंगवड्या घालायला काढल्या. डाळ भिजली, वाटली गेली, पण वाळत कुठे घालायच्या? जिना त्यांना चढवत नव्हता आणि गच्चीवर माकडांचं राज्य. अशा वेळी मला विनोद सुचला. सुचलेला विनोद गिळता येत नाही, हा माझा जुना आजार. "मामी, गाडीचा टप तव्यासारखा तापतो. त्याच्यावर घाला, एका दिवसात वाळतील."

जावई बोलला की सासूच्या लेखी तो विनोद नसतो, हे लग्नाला अठ्ठावीस वर्षं झालेल्या माणसाला कळायला हवं होतं.

दुपारी कॉलेजातून आलो तर टपावर प्लास्टिक अंथरलेलं आणि त्यावर मुंगवड्या रांगेत बसलेल्या. मामी आत झोपल्या होत्या. वड्या मी ताटात काढून घेतल्या, पण प्लास्टिक उन्हानं टपाला जागोजाग चिकटलं होतं. शहाण्या माणसानं ऊन उतरायची वाट पाहिली असती. मी स्वयंपाकघरातून उलथनं आणलं आणि धिरडं सोडवावं तसा भिडलो. प्लास्टिक निघालं. बरोबर रंगाचे पापुद्रेही निघाले, आणि जिथे निघाले नाहीत तिथे हातभर ओरखडे पडले. मी उलथनं धुऊन जागेवर ठेवलं.

मामी उठून बाहेर आल्या, टप पाहिला आणि तोंडावर हात ठेवला. "अरे बापा, माह्या वड्यांनं हे काय केलं?"

इथे मला एक वाक्य बोलायचं होतं. मी दुसरंच बोललो. "असू द्या मामी. होतं असं."

त्या 'असू द्या'नं मला पार देवमाणूस करून टाकलं. नात्यात फोन फिरले. सासूनं गाडी खराब केली आणि जावयानं चकार शब्द काढला नाही. हे कौतुक मी मान खाली घालून ऐकायचो, आणि लोकांना त्यातही माझी नम्रता दिसायची.

मामी मात्र बदलल्या. मिक्सर लावू काय, नळ सोडू काय, प्रत्येक गोष्ट विचारून करू लागल्या. पावसाळा सरताना म्हणाल्या, "मले गावी सोडून द्या. माह्यानं नुकसान होते तुमचं." बायको भांडली, रडली. त्या हलल्या नाहीत.

ऑक्टोबरात गाडी अकोल्याच्या पेंटरकडे न्यायची होती. गाडी तिथे ठेवायची आणि मामींना पुढे बसनं बार्शीटाकळीला पोचवायचं, असं ठरलं. जागा दोनच, त्यामुळे बायको दारातच राहिली. वाटेत मी मनातल्या मनात टपाचा विचार करत होतो. नवा रंग द्यावा की काळं विनाइल चिकटवून रॅप करावा? माझा कल रॅपकडे होता. कारण सांगायला नको. रॅपखाली सगळं झाकलं जातं.

पेंटरनं टपावरून बोटं फिरवली. "सर, रॅप याच्यावर बसत नाही. वरचा चकाकीचा थर, क्लिअर, उखडला आहे, खालचा ओरखडा वरून दिसन. उद्या रॅप काढाल तं राहिलेला रंगही घेऊन निघन. घासून प्रायमर मारू, मग रंग, वरून क्लिअर."

"पण लाल जुळेल का? टप वेगळा अन् गाडी वेगळी दिसायची."

"थोडा फरक राहीन."

"मग रॅपच बघा ना काही करून."

मामी खुर्चीवर बसून ऐकत होत्या. "रंगच मारा," त्या म्हणाल्या. "वड्यांचे डाग झाकून काय फायदा?"

"कोनत्या वड्या, माय? हे डाग नाहीत. पत्र्यासारख्या कशानं तरी खरवडलं आहे. पाहा, सगळे ओरखडे एकाच रुंदीचे."

मामींनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं गिऱ्हाइकाचं तोंड वाचलेली बाई.

"उलथनं," त्या म्हणाल्या. "त्याचा कोना वाकला होता. मले वाटलं पोरीनं वाकवला."

"हो मामी."

"म्हंजे वड्यांनं काहीच नाही झालं?"

"नाही. प्लास्टिक थंड झाल्यावर आपोआप सुटलं असतं. मीच घाई केली. अन् मग सांगितलं नाही."

"सहा महिने, जवाईबापू. सहा महिने मी तुमच्या घरात पाहुनीसारखी वागून राहिली. पानी घ्याले बी विचारून राहिली."

आयुष्यात पहिल्यांदा मला विनोद सुचला नाही. पेंटर रंगाच्या डब्यात उगाच काहीतरी शोधू लागला.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "रागवा, पण घरी चला."

मामी पेंटरला म्हणाल्या, "रंग मार, बाबू. नीट घासून मार."

ऑटोनं आम्ही स्टँडवर आलो. बार्शीटाकळीची गाडी लागलेली, दार उघडं. त्यांची पिशवी खांद्याला लावून मी दारापाशी उभा राहिलो. पुन्हा विचारायची हिंमत होत नव्हती आणि पिशवी आत ठेववत नव्हती.

"तिकडं काहून उभे राहिले?" मामी मागून म्हणाल्या. "अमरावतीची कुठं लागते?"

बसमध्ये त्यांनी खिडकी धरली. शेजारी एक अनोळखी बाई होती, मी मागच्या सीटवर. मूर्तिजापूर यायच्या आत सगळी कथा सांगून झाली होती. "मागं बसले ते आमचे जवाई," मामी म्हणत होत्या. "कॉलेजात शिकवतात. घरी आले की उलथन्यानं गाडी खरवडतात."

ती बाई पूर्ण वळून माझ्याकडे पाहू लागली. मी हात जोडले.