दुसरी इमारत, तिसरा मजला, डावं दार

सांगू की नको, या विचारात माझा अर्धा चहा गार झाला. पण सांगतोच! कारण जे घडलं, त्यानं मी अजून तोंडात बोट घालून बसलोय.

विरारला माझं भांड्यांचं दुकान. पातेल्याला नुसती टिचकी मारून सांगेन, किती टिकेल ते. शाळा अर्धवट, पण मला फसवून दाखवा! तर अशा या हुशार माणसानं अर्नाळ्याच्या रस्त्याला एक फ्लॅट घेतला. भाड्यानं द्यायला. म्हटलं, म्हातारपणी फ्लॅट आपल्याला पोसेल. पोसतोय कसला! भाडं आलं तर बँकेचा हप्ता निघतो, नाही आलं तर गल्ल्यात हात घालायचा.

भाडेकरू मात्र सोन्यासारखा. सावंत नावाचा, कणकवलीकडचा. भाड्यासाठी कधी फोन करावा लागला नाही. आणि एक दिवस त्याचाच फोन.

"शेठ, बाथरूमची भिंत पाझरतेय. बेडरूममध्ये होडी आणू का आता? या महिन्यात काम झालं नाही, तर मी दुसरीकडे बघतो."

हा गेला की पुन्हा दलाल, पुन्हा करार, पुन्हा पोलीस ठाण्यात कागद, आणि तोवर रिकाम्या फ्लॅटचा हप्ता माझ्या बोडक्यावर!

"उद्याच येतो!"

"मी कामावर असेन. आई आलीये गावाहून, ती दार उघडेल."

प्लंबरला घेऊन गेलो. गटाराच्या कामासाठी कॉम्प्लेक्सचं पुढचं गेट बंद होतं, म्हणून मागच्या गेटानं शिरलो. आता त्या इमारती तुम्ही पाहिल्यात का? सगळ्या गुलाबी, सगळ्या एका साच्यातल्या, गळायच्यासुद्धा सारख्याच जागी! पाट्या कोण वाचतो? माझा हिशोब पक्का: गेटातून दुसरी इमारत, तिसरा मजला, डावं दार.

दार एका आजीबाईंनी उघडलं.

"बाथरूमच्या भिंतीचं बघायला आलोय."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि डोळे मिटून हात जोडले. "आलास? ये बाबा. पानी बघ कसं झिरपतंय."

मला हात? मी विरघळलोच! भाडेकरूच्या घरात मालकाला असा मान कुठे बघितलाय?

हॉलमध्ये संत अंतोनीची तसबीर, पुढे मेणबत्ती. आता कोणीही थबकला असता की नाही? पण आमचं डोकं पडलं व्यापारी! आमची हीसुद्धा दरवर्षी चर्चमध्ये जाऊन मतमाउलीला मेणबत्ती लावते. म्हटलं, सावंताच्या आईनंही नवस बोलला असेल.

भिंत फोडली, पाइप बदलला, नव्या लाद्या बसवल्या. आजी खुर्चीत बसून हुकूम सोडत होत्या, जणू होडीवरचा तांडेल.

"नळ पन बदल. आनि ती खिडकीची जाळी."

बदलली. आई खूश, तर सावंत मुक्कामाला! एवढं साधं गणित आहे हो!

आठवड्यानं सावंताचा फोन. "शेठ, भिंत तशीच आहे!"

"वाळायला वेळ लागतो," म्हणालो आणि ठेवला. भाडेकरूशी फार बोललं की तो डोक्यावर बसतो, हे माझं तत्त्व!

तरी बघायला गेलो. त्याच गेटानं, त्याच दारात. भिंत पापडासारखी कोरडी! "मावशी, तुमचा मुलगा उगीच ओरडतो."

"जाऊ दे रे, दमतो तो. हॉलचा रंग पन गेलाय बघ." वर बशीभर गरम गरम फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, पुढ्यात ठेवले. फुगे खाऊन नाही कसं म्हणणार? दिला रंग. समुद्री निळा, त्यांच्याच पसंतीचा.

रविवारी सावंत दुकानात हजर. हातात घर सोडायची नोटीस.

"महिना संपला शेठ. एक माणूस फिरकला नाही!"

"फिरकला नाही? अहो, तुमच्या आईच्या हातचे फुगे खाऊन आलो मी!"

"फुगे? माझी आई घावणे करते! आणि ती पहिल्याच आठवड्यात वैतागून गावी गेली."

माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं. टिचकी न मारताच त्याचा आवाज कळला.

सावंतानं मला धरून नेलं. पुढच्या गेटापासून मोजून दाखवली दुसरी इमारत. वर माझा फ्लॅट, माझी भिंत, आणि भिंतीवर हिरवंगार शेवाळ! मग आम्ही दोघं मागच्या गेटाच्या दुसऱ्या इमारतीत गेलो.

"मावशी, मी कोण वाटलो तुम्हाला?"

आजींनी तसबिरीकडे बोट दाखवलं. "सोसायटीचे लोक 'मानूस पाठवतो' म्हनून कधीचे झुलवत होते. मंग मी संत अंतोनीची नोव्हेना धरली. नऊ दिवस प्रार्थना केली, आनि दुसऱ्या दिवशी तू दारात. देवानं धाडलेल्याला नाव विचारतात काय?"

अंगावर काटा आला हो! हरवलेलं शोधून देणारा संत तो. त्यानं माझ्यासारखा हिशोबी माणूस बरोब्बर हरवून यांच्या दारात आणून सोडला. वर माझ्याकडून रंगसुद्धा काढला! मी तसबिरीपुढे चपला काढून हात जोडले.

बाजूला सावंत उभा. निळ्या भिंतीवरून त्यानं हात फिरवला, खिशातली नोटीस काढली आणि शांतपणे फाडली. मला वाटलं, जिंकलो!

मग आजींपुढे वाकून म्हणाला, "मावशी, ती नोव्हेना मलाही शिकवा. शेठला फोन करून काही होत नाही."