टाकीची किल्ली

कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघायचे. मग मला म्हणायचे, "तूही ओढून बघ, भिया." मी बाईमाणूस, वयाने त्यांच्या मुलीएवढी, पण इंदूरला आल्या दिवसापासून त्यांची भियाच, म्हणजे इंदुरी बोलीतला 'भाऊ'च, होते. अख्खं जग चोर वाटणारा असा एक तरी माणूस तुमच्याही ओळखीत असेल. गेलेल्या माणसाबद्दल प्रेमाने लिहावं, हे मला कळतं. पण मला त्यांचा राग येतो, आणि तो अजून गेलेला नाही.

सांवेर रोडवरच्या आमच्या कारखान्यात ते स्टोअर सांभाळायचे, मी खरेदी विभागात. साताऱ्याहून येऊन मी जुनी इंदूरमध्ये त्यांच्या शेजारच्या गल्लीत खोली घेतली, तेव्हा त्यांनीच ठरवून टाकलं की मी रोज त्यांच्या गाडीतून यायचं. निघताना माझ्या खोलीचं कुलूपही ओढून बघत. सख्ख्या काकाने एवढं केलं नसतं. म्हणून मी त्यांना काका म्हणायला लागले.

पहिल्याच आठवड्यात स्टोअरमध्ये एक हमाल पिंपातून तेल काढत होता. धार यायची, गुळगुळायची, थांबायची. काका ओरडले, "वरचं बारीक बूच कोण उघडणार, तुझा बाप? हवा आत गेल्याशिवाय तेल बाहेर येतं का कधी?" बूच उघडलं आणि धार सरळ लागली. माझ्याकडे वळून म्हणाले, "लक्षात ठेव, भिया. रोज सांगावं लागतं या लोकांना."

गाडी त्यांची जुनी, कार्बोरेटरवाली. उन्हाळ्यात गल्लीतल्या एका स्कूटरचं पेट्रोल चोरीला गेलं, आणि यांनी लगेच टाकीला कुलपाचं झाकण बसवलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत गाडीची खोड सुरू झाली. घरून निघताना छान चालायची, अर्ध्या वाटेत तिचा दम तुटायचा. ॲक्सिलरेटर कितीही दाबा, ओढ नाही. दोन गचके, आणि बंद. जरा वेळ थांबलं की जसं काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू.

गाडी दाखवायची ती बंडूभियाला. तो काकांचा शाळेपासूनचा मित्र, गॅरेज जवळच. दर शनिवारी संध्याकाळी दोघं गॅरेजच्या बाकावर बसून एकाच कागदातली कचोरी खात. तेवढा वेळ काका कुणालाही चोर म्हणत नसत. बंडूभियाने प्लग बदलले, फिल्टर बदलला, कार्बोरेटर साफ केला. त्याच्या दारात गाडी एकदाही बंद पडली नाही. शेवटी तो म्हणाला, "आता टाकीच राहिली यार. चाबी दे तिची."

झालं! काकांचा आवाज चढला. "टाकीची चाबी कशाला? पेट्रोल काढायचंय? मुद्दाम बिगाडून ठेवली ना गाडी? चोर आहेस तू, चोर!"

समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं उठून बघायला लागली. बंडूभियाने हातातलं फडकं खाली ठेवलं. "घेऊन जा गाडी," तो म्हणाला. "आणि तू पण येऊ नको आता."

श्रावणात एका सकाळी गाडी पेट्रोल पंपाच्या तोंडाशीच बंद पडली. आम्ही ढकलत आत नेली. काकांनी झाकण फिरवलं, तर बशीतला चहा ओढावा तशी टाकीने सूंऽऽ करून हवा ओढली. त्यांनी झाकण उलटं केलं. हवेचं बारीक भोक लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवलेलं होतं.

"यातून पेट्रोल उडून जाईल असं वाटलं," ते पुटपुटले, "म्हणून मीच..."

"काका, वरचं बूच," मी म्हटलं.

तिथेच उभ्याउभ्या पिन घालून त्यांनी भोक मोकळं केलं. गाडी पुन्हा कधी अडली नाही.

"आता बंडूभियाकडे चला."

"शनिवारी जातो."

तो शनिवार गेला, पुढचेही गेले. मी सांगते म्हटलं तर, "खबरदार! चोर मी म्हटलं, मीच निस्तरीन." मग निस्तरा की! पण नाही. गॅरेज आलं की मान दुसरीकडे वळवायची, आणि कुणी विचारलं तर सांगायचं, "आपोआप सुधरली गाडी." पडलं तरी नाक वर. मला इतका संताप आला की मी आठवडाभर बसने गेले.

एका शनिवारी ते मला गॅरेजच्या कोपऱ्यावर दिसले. हातात कचोरीचा पुडा. बराच वेळ उभे राहिले आणि परत फिरले. पुडा माझ्या हातात कोंबून म्हणाले, "खा, गरम आहे." कचोरी गार झाली होती.

दिवाळीनंतर ते झोपेतच गेले. तेराव्याला गल्लीत मांडव घालायचा होता आणि त्यांची गाडी आडवी उभी. चोरीच्या भीतीने टाकीत ते घोटभरच पेट्रोल ठेवत, तेही संपलं होतं. बंडूभिया आला होता. मागे भिंतीला टेकून उभा होता. कुणी न सांगता तो बाटलीतून पेट्रोल घेऊन आला. काकूंनी किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात दिला.

टाकीचं झाकण काढलं आणि तो थबकला. भोकाभोवती खरवडलेल्या लांबीची कड राहिली होती. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"हे कधी खरवडलं त्याने?"

"श्रावणात," मी म्हटलं. "तुमच्याकडे शनिवारी जातो म्हणायचे. दर वेळी."

बंडूभियाने झाकण पत्र्यावर आपटलं. "शनिवारी? अरे, दर शनिवारी मी बाकावर त्याची जागा सोडून बसत होतो! येऊन एकदा बोलला असता तर दोन शिव्या दिल्या असत्या, बस! आता कोणाशी भांडू मी? बोला ना भिया, कोणाशी भांडू?"

मांडववाले दोर हातात धरून बघत राहिले. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

मग त्याने पेट्रोल ओतलं, झाकण बसवलं, किल्ली फिरवली. आणि काकांना शिव्या घालत घालत ते कुलूप तीनदा ओढून बघितलं.