पुढची दोरी

जयंतीला पाण्याची भीती वाटते हे इथल्या, ऑन्टारिओतल्या कनाटा गावच्या, आमच्या सगळ्या मराठी मंडळाला ठाऊक होतं, फक्त तिच्या नवऱ्याला नव्हतं. उल्हासनं सेकंडहँड बोट घेतली तेव्हा आम्हाला पेढे दिले आणि तिला लाइफ जॅकेट. तेव्हापासून उन्हाळ्यातला प्रत्येक शनिवार तिनं बोटीच्या पुढच्या टोकाला बसून काढला, दोरी धरण्यासाठी.

दोरी लागते लॉकमध्ये. नदीला एकदम उतार आला की तिथे दोन्हीकडे दारं असलेला दगडी हौद बांधतात. बोट आत घ्यायची, दार लागलं की इंजिन बंद करायचं आणि पाणी सोडतील तसतसं खाली जायचं. भिंतीवरच्या केबलभोवती दोरी घालून एकानं पुढे, एकानं मागे बसायचं. दोरी बांधायची नाही, नाहीतर पाणी खाली जातं आणि बोट लटकते. सोडायचीही नाही.

उल्हास घरात कधी भांडायचा नाही. जयंतीनं विषय काढला की त्याला गराजमधलं काम आठवायचं. स्वतःचे निर्णय मात्र तो लॉकमध्ये सांगायचा. भावाच्या लग्नाला जायचं तिचं तिकीट कॅन्सल केल्याचं तिला लॉकमध्येच कळलं. सासू-सासरे सहा महिने राहायला येणार, तेही तिथेच.

"दोन्ही हात गुंतलेले असतात गं," ती मला म्हणाली होती. "उठून जायला जागा नसते. मान हलवायची, झालं."

पुण्यात अख्खी पॅथॉलॉजी लॅब सांभाळणारी बाई ती हीच का, असं मला वाटायचं. इथे ग्रोसरी स्टोअरच्या कॅशवर उभं राहून तिनं पुन्हा परीक्षा दिल्या, आणि २०१० च्या उन्हाळ्यात लंडनच्या एका हॉस्पिटलनं तिला लॅबमध्ये घेतलं. लंडन म्हणजे आपलं ऑन्टारिओतलं, पण इथून गाडीनं जायचं तर दिवस मोडतो. तिनं उल्हासकडे कितीदा तरी विषय काढला. गराज लख्ख झालं, उत्तर काही आलं नाही.

एका शनिवारी तिनं मलाही बोटीवर बोलावलं. "डबा आण," म्हणाली, "आणि मध्ये काही बोलू नकोस."

त्या जागी एकाखाली एक असे तीन लॉक होते. पहिल्यात शिरलो, मागचं दार लागलं आणि बोट खाली जायला लागली. ओल्या, शेवाळलेल्या भिंती डोक्याच्या वर गेल्या. मी डबा मांडीवर घट्ट धरून बसले.

"जयंती," मागून उल्हास म्हणाला, "त्या लंडनच्या जॉबचं. मी बुधवारी फोन करून त्यांना नकार कळवला. इट वॉजन्ट प्रॅक्टिकल. तुला उगाच टेन्शन."

नवऱ्यानं फोनवर नाही म्हटलं की बायकोची नोकरी संपली, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्याच्या कानाखाली वाजवावी असं मलाही मनापासून वाटत होतं. जयंती दोरी हळूहळू सैल करत होती. दार उघडलं, आम्ही दुसऱ्या लॉकमध्ये गेलो, तेही दार लागलं.

मग मागे न वळता ती बोलली. "तुझ्यानंतर त्यांचा मला फोन आला. ती बाई म्हणाली, युअर हजबंड कान्ट डिक्लाइन युअर जॉब. मी हो सांगितलंय. एक तारखेला जॉइन करतेय. तिथे एक बेसमेंट रेंटवर घेतलंय."

उल्हास उठला. गराजकडे निघायचा तसा सवयीनं उठला. त्याच्या हातातली दोरी सैल पडली आणि बोटीचं मागचं टोक भिंतीपासून सुटायला लागलं.

"सर, होल्ड युअर लाइन," वरून लॉकवाल्यानं सांगितलं.

तो परत बसला. जयंती बोलत राहिली, लग्नाच्या तिकिटाबद्दल, पाण्याच्या भीतीबद्दल. आवाज न चढवता सगळं बोलली. तिला इतकं सलग बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

तिसऱ्या लॉकमध्ये शिरलो. बोट तळाला पोचली. मला वाटलं, आता हा माफी मागेल, निदान भांडेल तरी.

"मग पुढची दोरी कोण धरणार?" त्यानं विचारलं.

इतका वेळ आवरलेलं रडू जयंतीला तेव्हा फुटलं. तिनं दोरी ओढून घेतली आणि बाहीनं डोळे पुसले.

"बोट विक," ती म्हणाली.

समोरचं दार उघडलं होतं, पुढे नदी दिसत होती. लॉकवाला वरून जायची खूण करत होता, तरी उल्हासला इंजिन सुरू करायचं सुचेना.