म्हाताऱ्याचे डोळे

इस्पितळात तिला सगळे डोळेवाल्या बाई म्हणत. अपघातात किंवा आजारात ज्यांचा डोळा गेला, त्यांच्यासाठी ती खोटा डोळा बनवायची. माणसाला खिडकीपाशी बसवायचं, त्याच्या शाबूत डोळ्याकडे टक लावून बघायचं आणि बारक्या ब्रशने अगदी तस्साच दुसरा रंगवायचा. लाल शिरा दिसाव्यात म्हणून रेशमाचा धागा पिंजून त्याचे तंतू चिकटवायचे. एकदा एका आजोबांनी आरशात बघून विचारलं होतं, "यातून दिसायला कधी लागेल?" ती हसली नव्हती. "दिसणार नाही आजोबा, पण लोकांना तुम्ही दिसाल," म्हणाली होती.

ही कला मात्र ती माणसांवर शिकली नव्हती. तरुणपणी सतरा वर्षं ती सिनेमासाठी राक्षस, यंत्रमानव आणि परग्रहावरचे जीव बनवणाऱ्या एका कारखान्यात होती. तिचा दादा घड्याळं दुरुस्त करता करता तिथे चिकटला आणि मागोमाग तिलाही घेऊन गेला. "आमच्या बारकीला स्वयंपाक येत नाही, शिवण येत नाही," त्याने मालकाला सांगितलं होतं, "पण डोळे असे काढते की कागद आपल्याकडे बघतो."

दोघांनी मिळून केलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे 'म्हातारा'. एका सिनेमातल्या, दूरच्या ग्रहावरून मरायला पृथ्वीवर आलेल्या जीवाचा तो बाहुला होता. फेसाळ रबर भट्टीत भाजून त्याचं तोंड केलेलं, आणि आत दादाची करामत: सायकलच्या ब्रेकच्या तारा, घड्याळाच्या स्प्रिंगा, लहानसहान चाकं. चित्रीकरण चालू असताना टेबलाखाली बसून दादा तारा ओढायचा आणि म्हाताऱ्याच्या पापण्या सावकाश मिटायच्या. डोळे तिचे, पापण्या दादाच्या. मरणाचा प्रसंग झाला तेव्हा दिवे धरणारी दांडगी माणसंसुद्धा नाक ओढत होती. टेबलाखालून दादा ओरडला, "रडा नंतर, माझ्या पायाला मुंग्या आल्यात!"

मग सिनेमावाल्यांना सगळं संगणकावरच करता येऊ लागलं. कारखान्यातली माणसं गळत गेली आणि शेवटी कुलूप लागायची वेळ आली. मालकाने तिला शब्द दिला होता, "म्हातारा तुझा." नेमकी त्याच वेळी ती तापाने आठवडाभर अंथरुणाला खिळली. उठून कारखान्यात गेली तर फडताळं रिकामी. रखवालदार म्हणाला, "तुमचा दादा घेऊन गेला की." महिन्याभराने कानावर आलं की म्हातारा कुणा हौशी माणसाच्या घरी काचेच्या कपाटात बसलाय.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. तशीच दादाच्या दारात जाऊन उभी राहिली आणि शेजारपाजार ऐकेल अशा आवाजात म्हणाली, "विकलास ना? चोर आहेस तू! माझे डोळे विकून खाल्लेस!"

दादाच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो त्याने खाली ठेवला, तिच्याकडे नुसतं बघितलं आणि दार लावून घेतलं. दोघंही एकाच पिळाची. सुंभ जळेल, पीळ जाणार नाही. अकरा वर्षं गेली. दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा ती एका शाळकरी मुलीचा डोळा रंगवत होती. "बरं," एवढंच म्हणाली आणि तो डोळा पुरा केला. अंत्यविधीला गेली नाही.

दादाला जाऊन वर्ष होत आलं होतं. एका दुपारी उंच, वाकलेला एक माणूस मोठं खोकं छातीशी धरून इस्पितळात आला.

"मी दातांचा डॉक्टर," तो म्हणाला. "पण वेड मला जुन्या सिनेमांतल्या वस्तूंचं. ह्याला जरा बघता का?"

खोक्यात म्हातारा होता. रबर वाळून पापुद्रे सुटले होते, एक कान गळून खोक्याच्या तळाशी पडला होता. डावी पापणी अर्ध्यावर अडकून डोळ्यावर घासत होती.

ती कोरडेपणाने म्हणाली, "ज्याने विकला त्याच्याकडे न्यायचा होतात."

डॉक्टर गोंधळला. "विकला? नाही हो! तुमच्या भावाने एक पैसा घेतला नाही. मालकाने सगळं कचऱ्याच्या गाडीत भरलं होतं, तिथून त्यांनी हा उचलला. म्हणाले, माझ्या घरात ओल आहे, बहिणीच्या खोलीतही आहे, वर्षभरात याची माती होईल. तुमची खोली कोरडी आहे, तुम्ही सांभाळा. पण डोळ्यांना काही झालंच, तर फक्त माझ्या बहिणीकडे न्या. तुमच्या घरचा पत्ता त्यांनीच लिहून दिला होता; तिथे गेलो तर शेजाऱ्यांनी इथे पाठवलं."

ती स्टुलावर बसली. बराच वेळ खोक्यातल्या कापडाची घडी नीट करत राहिली. मग म्हणाली, "ठेवून जा."

दुसऱ्या दिवशी ती वहिनीकडे गेली. वहिनीने दार उघडलं, तिला आत घेतलं, चहाही पुढे ठेवला. पण स्वतः बसली नाही.

"तुम्हाला माहीत होतं?" तिने विचारलं.

"होतं."

"मग मला सांगायचं तरी, वहिनी."

"मी शंभरदा म्हटलं त्यांना, सांगून टाका एकदाचं. ते म्हणायचे, बारकीने चोर म्हटलंय, विचारलेलं नाही. विचारेल तेव्हा सांगेन." वहिनीने पदराने टेबलाची कड पुसली. "तुमचा आवाज ऐकू आला की काय, असं वाटून पहिली दोन वर्षं दाराशी जायचे. नंतर जायचे बंद झाले."

चहावर साय धरली. निघताना तिने चाचरत विचारलं, "दादाची हत्यारं आहेत का? पापणी अडकलीय. त्याचे ते बारीक पेचकस असते तर..."

"भंगारात दिली. विचारायला कोण आलं होतं?"

तिने दारातल्या चपला पायांत सरकवल्या.

पुढचे तीन रविवार तिने म्हाताऱ्यावर घालवले. कवटीची मागची बाजू उघडली तर प्रत्येक तारेवर दादाने रंगाचे ठिपके देऊन ठेवले होते, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणालाही काम कळावं. पण पापणी पुन्हा उघडती-मिटती करायची तर वरचं रबर फाडावं लागणार होतं, आणि ते बोट लागताच भुग्यासारखं झडत होतं. डॉक्टर म्हणाला, "नवं तोंड चढवून घेऊ का?"

"घ्या. पण मग हा म्हातारा राहणार नाही."

शेवटी तिने तारा हळूहळू सैल केल्या. दोन्ही पापण्या खाली आल्या आणि मिटल्या. आता त्या उघडणार नव्हत्या. आतले डोळे मात्र घासल्यावाचून शाबूत राहतील, असं तिने सांगितलं. डॉक्टर हिरमुसला. त्याच्या कपाटातली सगळ्यात देखणी वस्तू आता आंधळी बसणार होती. तरी तो मुकाट्याने खोकं घेऊन गेला.

त्यानंतर ती दर आठवड्याला वहिनीला फोन करू लागली. वहिनी उचलते. गुडघे कसे आहेत, पाणी आलं का, एवढंच बोलणं होतं. दोन मिनिटांत संपतं. दादाचा विषय दोघींपैकी कुणीही काढत नाही. मागच्या वेळी फोन ठेवता ठेवता वहिनी म्हणाली, "जेवता ना वेळेवर?" आणि तिच्या उत्तरासाठी न थांबता फोन ठेवून दिला.