फळीवरचा तळहात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, चळवळीतल्या मैत्रिणींना नाही — आणि ज्या माणसाला सांगायला हवं होतं, त्याला तर मुळीच नाही. मी बोलायला घाबरते असं सेलूत कुणी म्हणणार नाही. चौकात स्टुलावर उभी राहून, माइक नसताना मी तासभर बोलले आहे. मग हे एवढंसंच का राहिलं? एवढंसं म्हणते आहे, बघा. ही लबाडी इथूनच सुरू होते.

आधी त्या दुपारबद्दल सांगते. ती आठवली की मला नुसतं बरं वाटतं, कुणाकुणाचे उपकार मानू असं होतं. त्या आनंदाच्या आड लपायला मात्र नको, हेही मला कळतं.

झालं असं, की मी एक पत्रक काढलं होतं — 'पोरींनी नाचायचं कुठं?' गंमत म्हणून नव्हे, संतापून. वरात निघते, डीजे वाजतो, पोरं घाम निघेपर्यंत नाचतात, आणि आम्ही? गच्चीवरून बघायचं. सख्ख्या भावाच्या लग्नात दोन मिनिटं पाय हलवले तर कुठला तरी काका डोळे वटारतो. गाणीही अशी, की त्यांत शिवी कुणाला असते? आम्हालाच. म्हणून मागणी साधी होती: एक दुपार, एक हॉल, फक्त बायका आणि मुली, आणि शब्द नसलेलं संगीत. लॅपटॉपवर बनतं ते — नुसता ठेका, नुसता घुमणारा बेस, चढत जाणारे सूर. ज्यात कुणी कुणाचा 'माल' नसतं.

मंगल कार्यालय मिळालं. डीजे मिळेना. एक जण तर तोंडावर हसला. "ताई, गाणं न्हाई, पोरं न्हाईत, अन् दुपारच्याला — मंग त्यात हाय काय?"

असं संगीत स्वतः बनवणारा आमच्या भागात एकच माणूस होता. बोरीचा शिवादादा. आणि त्याच्या दारात जायला मला तोंड नव्हतं.

का नव्हतं?

आठ वर्षांपूर्वी मी माझं पहिलं पत्रक लिहिलं. डीजेच्या आवाजाविरुद्ध. मुद्दा खरा होता, आजही आहे. दवाखान्यासमोर भिंती हादरवणाऱ्यांना मी आजही सोडत नाही. पण आम्हाला शिकवणारे कार्यकर्ते म्हणायचे, पत्रकात नुसता मुद्दा चालत नाही, एक माणूस पाहिजे. ज्याचं नुकसान झालं असा एक माणूस. मी विचार केला. माझ्या घरातच एक होता.

माझ्या वडिलांना, आबांना, ऐकू येत नाही. दोन्ही कान गेलेत. मी लिहिलं — वरातीतल्या डीजेने माझ्या बापाचे कान कायमचे नेले. वाजवणारा कोण, तेही लिहिलं. बोरीचा शिवा. त्याच आठवड्यात त्याची गाडी, डीजे लावलेला टेम्पो, आमच्या गल्लीतून गेली होती, एवढाच त्याचा गुन्हा.

खोटं होतं ते. साफ खोटं.

आबा जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातली सरकी वेगळी करणारी ती यंत्रं, दिवसभर, वर्षानुवर्षं, कानाशी. कान तिथं गेले. शिवादादाची गाडी आमच्या गल्लीत आली तेव्हा आबा ओट्यावर बसले होते आणि मला विचारत होते, भांडी कामून हलायलीत? त्यांना ऐकू येणं थांबून तेव्हाच तीन वर्षं झाली होती. मी शेजारी उभी होते. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

मग जिनिंगचं नाव का नाही लिहिलं? सांगते. ज्या सभेत ते पत्रक वाटायचं होतं, तिचे अध्यक्ष त्याच जिनिंगचे मालक होते. पुढच्या रांगेत, हार घालून. आबा अजून तिथंच कामाला होते. मालकाला बोल लावायची माझी छाती झाली नाही. टेम्पोवाल्याला लावायची झाली. गोरगरिबांची बाजू घेणारी मी — पहिल्याच पत्रकात कुणाची बाजू घेतली ते बघा.

पत्रक गाजलं. शिवादादाच्या गाडीवर ते कुणी तरी चिकटवलं. लोक त्याला कानफोड्या म्हणू लागले. दोन लग्नसराया त्याला कुणी बोलावलं नाही. स्पीकरचे मोठे बॉक्स विकून तो दुसऱ्याच्या टेम्पोवर कापूस वाहू लागला. आणि मी? मला भाषणाची निमंत्रणं येऊ लागली. परभणीला बोलले, पेडगावला बोलले. बापाच्या कानांची गोष्ट सांगताना माझा आवाज दाटून यायचा, आणि खोटं नाही सांगत, तो खरंच दाटायचा. खोट्यावर खरं रडू येतं हे मला तेव्हा कळलं. तरी थांबले नाही.

तर त्या शिवादादाकडे जायचं होतं. आदल्या दिवशी आबांना कागदावर लिहून सांगितलं, बोरीला शिवादादाकडे जाते आहे. ते उठून टोपी शोधू लागले. ऐकू येत नसल्यानं आबा नेहमी ओरडूनच बोलतात; सगळ्या गल्लीला कळेल अशा आवाजात म्हणाले, "शिवाकडं? मंग मीबी येतो. रस्ता मला ठाव हाय."

रस्ता ठाव हाय! कितीतरी वर्षं आबा दर रविवारी बोरीला 'पाव्हण्याकडं' जात होते. पाव्हणा म्हणजे कोण, हे मी कधी विचारलं नव्हतं. पत्रक आलं त्याच आठवड्यात ते एसटीनं शिवादादाच्या घरी गेले होते. आबा छापलेलं दिसेल ते सगळं वाचतात, माझंही वाचलं होतं. पोरीनं खोटं लिवलं, मी चौकात उभा राहून सांगतो — असं त्यांनी शिवादादाला म्हटलं. आणि शिवादादानं त्यांना थांबवलं. पोरीचं नाव जाईल, काका. माझं काय, माझं वाजलं की लोक येतील पुन्हा.

हे मला शिवादादाच्या अंगणात बसून, आबांच्याच तोंडून कळलं. तो लोखंडी पत्र्याच्या शेडमध्ये राहिलेले दोन बॉक्स पुसत होता, आणि माझ्या पत्रकाबद्दल एक शब्द बोलला नाही. नुसतं म्हणाला, "वाजवतो ना ताई. पण काका संगं पायजेत. त्यायच्याबिगर मला जमत न्हाई."

आबांनी अट घातली. अंगणातच, ओरडून. "खरं काय ते माइकवर सांगायचं. त्याच्या देखत. समद्या बायायसमोर." मी पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं — सांगते. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला.

आता त्या दुपारकडे येते. माहोल म्हणजे काय, हे मला त्या दिवशी समजलं. मला वाटायचं आवाज मोठा, दिवे लखलख, की झाला माहोल. शिवादादा सकाळपासून आवाजाकडे वळलाच नाही. आधी त्यानं खुर्च्या उचलल्या. बघायला येणाऱ्या बायांच्या खुर्च्या भिंतीकडेला, तिरप्या लावल्या. म्हणाला, बघणारं समोर बसलं की नाचणाराचे पाय बांधले जातेत. हॉल पूर्ण अंधारा करू दिला नाही — आया घाबरतात, पोरींना घेऊन निघून जातात. पाण्याचे जार बाहेर होते ते आत आणवले. मोबाइल दाराबाहेर बांबूच्या एका डालीत ठेवायचे, त्यांच्या राखणीला माझी आई बाहेरच बसली. माइकवरून 'हात वर करा' असं ओरडायचं नाही. आणि आवाज? शेजारणीला 'पाणी दे' म्हटलेलं ऐकू गेलं पाहिजे, त्याच्या वर नाही. ज्याला मी कानफोड्या केलं, त्या माणसाचा हा हिशोब होता. मी ऐकत होते.

फरशीवर पोरींच्या टाचा दुखतील म्हणून त्यानं मांडववाल्याकडून लाकडी फळ्या आणून अंथरल्या. पुरुष दिसायला नको, असं काही आयांनी बजावलं होतं, म्हणून मधे मांडवाचा फुलाफुलांचा पडदा लावला. पडद्यामागे दोघे — शिवादादा लॅपटॉपपुढे, आणि आबा जमिनीवर मांडी घालून. एक लांब फळी पडद्याखालून त्यांच्यापर्यंत गेलेली. आबांनी तिच्यावर उजवा तळहात ठेवला.

कळलं का? शिवादादाला नाचणाऱ्या दिसत नव्हत्या. न बघता वाजवायचं कसं? आबा जिनिंगमध्ये यंत्रावर हात ठेवून सांगायचे, कुठलं बेअरिंग गेलं, कुठला पट्टा सैल झाला. तो हात आता आमचे पाय वाचत होता.

पहिला अर्धा तास कुणी हललं नाही. ठेका हळू, उन्हात बैलगाडी जावी तसा. मी घाबरले, शिवादादा नाही. मग एका आजीनंच पाय आपटला. मग दोघी, मग दहा. पडद्याच्या कडेतून मला दिसत होतं, आबा बोटानं खुणावत होते — अजून नको, अजून थांब. आणि मग त्यांनी मूठ वळली, तसा रोखून धरलेला बेस सुटला. काय सांगू तुम्हाला! शंभरेक बाया एकदम वर गेल्या आणि एकदम खाली आल्या. शाळेतल्या बाई, भाजी विकणाऱ्या मावशी, कॉलेजच्या पोरी, नऊवारी, जीन्स, गाऊनवर ओढणी. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मधेच पोरी दमल्या, पाय विस्कटले, आणि पडद्यामागून आबांचा आवाज सगळ्या हॉलभर — "शिवा, पट्टा सैल पडलाय रे!" हॉल हसून लोळला. एक पोरगी ओरडली, "काका, आवळा मंग!" आणि त्यांना ते ऐकू न जाताही त्यांनी बरोबर आवळला.

मी नाचले. आयुष्यात पहिल्यांदा, कुणाच्या डोळ्यांचा विचार न करता. ते मला त्या दोघांनी दिलं. ज्या दोघांची नावं मी वापरली, त्या दोघांनी.

मधे सरबतासाठी संगीत थांबलं. सूत्रसंचालन करणारी माझी मैत्रीण मीना माइकवर आली. मनापासून बोलली बिचारी. म्हणाली, हिच्या वडिलांचे कान डीजेनं नेले, तरी हिनं संगीताचा राग धरला नाही, आपल्यासाठी चांगलं संगीत घेऊन आली. आणि माइक माझ्या हातात दिला.

शब्द तयार होते. रात्रभर पाठ केले होते. ते खोटं आहे, मी लिहिलं, कान जिनिंगनं नेले, आणि ज्याला मी दोष दिला तो आत्ता पडद्यामागे बसून आपल्याला नाचवतो आहे. चार वाक्यं. समोर शंभर चेहरे, घामानं चमकणारे, माझ्याकडे प्रेमानं बघणारे. ते बदलले तर?

मी म्हटलं, "धन्यवाद. सगळ्यांचे मनापासून आभार."

बस्स.

हॉलनं टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी भागेना, म्हणून पोरी फळ्यांवर पाय आपटू लागल्या. किती वेळ आपटत होत्या! शेवटी शिवादादानं हळूच ठेका सुरू करून मला त्यातून सोडवलं.

मी पडद्यामागे गेले. आबा उठून उभे होते. मी काय बोलले ते त्यांना ऐकू आलं नव्हतं, पडद्यामुळे माझे ओठ दिसले नव्हते. त्यांना फक्त फळी कळली होती. डोळे भरून आलेले. त्यांनी माझ्या डोक्यावर तोच हात ठेवला आणि, आबांना जमेल तितक्या हळू आवाजात, म्हणाले, "सांगितलंस. लय बरं झालं, बाई. ऐकून बायाबी किती खूश झाल्या, मला कळलं ना."

शिवादादा माझ्याकडे बघत होता. त्याला सगळं ऐकू आलं होतं. तो लॅपटॉपकडे वळला.

मी मान हलवली. हो म्हणून.

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. पोरींनी पुन्हा दुपार मागितली, पुन्हा झाली; शिवादादाला आता चार ठिकाणांहून बोलावणी येतात, आबा त्याच्यासोबत गाडीत पुढे बसून जातात. घरी आले की जेवताना सगळं सांगतात, ओरडून. मी त्यांना इतकं हसताना लहानपणापासून पाहिलं नव्हतं. माझ्यावर ते खूश आहेत. पाव्हण्यारावळ्यांना सांगतात — पोरगी चुकली, पण समद्यायसमोर बोलली.

बोलले नाही, आबा. माइक हातात होता आणि मी आभार मानले. मग तुम्ही विचारलंही नव्हतं, तरी मी मान हलवली.

तुमचे कान जिनिंगनं नेले, शिवादादानं नाही. हे मी आता माझं नाव घालून छापायला देते आहे. आबांना ऐकू येत नाही, पण ते छापलेलं सगळं वाचतात. हेही वाचतील. त्या दुपारी मी गप्प राहिले होते, हे त्यांना इथंच पहिल्यांदा कळेल.