आमच्या युनिटमधले उपवास

बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात, दोन खोल्या भाड्याने घेऊन आई चकल्या करते. आई आणि तिच्या हाताखाली पाच बायका. त्याला आम्ही युनिट म्हणतो. हा शब्द मी आणला. आमच्या अख्ख्या खानदानात पहिली बी.कॉम. मी, गाऊन-टोपीतला माझा फोटो युनिटच्या भिंतीवर अन्नपूर्णेच्या शेजारी लावलाय. सकाळी अगरबत्ती दोघींना ओवाळली जाते. मला त्याची लाज वाटत नाही. शिकलेय मी, फुकट नाही मिळालेली टोपी.

मी अंबरनाथला एमआयडीसीत नोकरी करते. आमची सुट्टी शुक्रवारी, म्हणून शुक्रवारी युनिटवर असते. पहिला घाणा उतरला की आई ताटली घेऊन सगळ्यांपुढे फिरते, "बघा गं, कशी झालीय." ही तिची जुनी पद्धत. पण यंदा उन्हाळ्यापासून चमत्कार झाला. ताटली पुढे आली की पाचजणींतल्या सगळ्यात थोरल्या काकू म्हणायच्या, "आज शुक्रवार ना ताई, देवीचा उपवास." दुसरी म्हणायची, "माझा पण." बाकीच्या दिवशीही तेच. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. बुधवारी देव सापडेना तेव्हा एकीने भावाच्या नवसाचा उपवास काढला. आमच्यात एक बौद्ध ताई आहेत. त्यांना वार सांगता येईना, म्हणून त्यांनी दाढदुखी धरली. तीन महिने एकच दाढ दुखत होती.

आई रात्री जेवताना कौतुकाने सांगायची, "पोरी फार देवभोळ्या झाल्यात बघ."

मी मान खाली घालून भात कालवायची. कारण मला माहीत होतं. चकली खारट होत होती. चांगलीच खारट. आणि मी, जी ऑफिसात साहेबालाही तोंडावर बोलते, ती आईला म्हणायची, "डब्यात चकली नको, चुरा होतो."

एका शुक्रवारी मी माल घेऊन उल्हासनगरला गेले. कॅम्पातले सिंधी शेठ आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्यांनी चहा मागवला, "भाभी का माल फर्स्ट क्लास" म्हणाले आणि मग हळूच, "अगली बार आधा ही भेजना."

"क्यों शेठ?"

"बेटी, तू ग्रॅज्युएट है ना? तो तू ही बोल उनको." इकडेतिकडे बघून ते पुटपुटले, "नमक. मैं भाभी को कैसे बोलूँ, इतने साल का रिश्ता है."

रिक्षात बसल्यावर मी हिशेब करू लागले. पुढच्या वेळी निम्मा माल, त्याच्या पुढच्या वेळी काय? आईची चकली हीच आईची ओळख. ती गेली तर तिच्याजवळ उरणार काय?

युनिटवर पोचले तर मागच्या पडवीत देवीचा उपवास मिसळपाव खात बसला होता. उपवासवाल्या चौघीही. मला बघून काकूंनी पाव पदराखाली घेतला. तेवढ्यात आतून आई ताटली घेऊन आलीच. "हा घाणा बघा गं कुणीतरी."

"आई," मी म्हटलं, "कुणाचा उपवास नाहीये. चकली खारट होतेय. तीन महिने झाले. शेठनी माल निम्मा केला."

आईने ताटली कट्ट्यावर ठेवली आणि कमरेवर हात ठेवले.

"मग तीन महिने बोंबललात का नाही? उन्हाळ्यात ताप आला होता ना, तेव्हापासून मला मिठाची चवच कळत नाही! म्हणून तर ताटली घेऊन भिकाऱ्यासारखी फिरते. तर तुम्ही सगळ्या देवाला लागलेल्या! कुणी खाऊन बघेना, मग अळणी नको म्हणून मी आपली मूठभर जास्त टाकते."

"मूठभर?" काकू किंचाळल्या.

"ताई, तुम्ही तरी सांगायचंत," दाढवाल्या ताई म्हणाल्या.

"काय सांगू? चकलीवालीची जीभ गेली म्हणून सांगू?" आई म्हणाली. "उद्या तुम्हीच म्हणाल, हिचा हात गेला."

"हात कुठं गेलाय? काटे बघा की चकलीचे. आम्हाला वाटलं, तुम्हाला राग येईल," ताई म्हणाल्या.

"येणारच! दोन दिवस येईल. तिसऱ्या दिवशी चकली तर नीट होईल ना?"

पहिल्यांदा काकूच फुटल्या. मिसळीची तर्री नाकात जाऊन त्या हसत आणि खोकत होत्या. मग सगळ्याच. आई हसता हसता खालीच बसली आणि काकूंच्या पदराखालचा पाव काढून म्हणाली, "देवीला एवढा तिखट प्रसाद?"

हसून झाल्यावर तिने नवं पीठ मळायला घेतलं. मीठ दाढवाल्या ताईंच्या हातात दिलं. "तुम्ही टाका. उगाच लाजू नका." घाणा उतरला. ताईंनी चकली फुंकली, मोडली, चांगल्या दाढेनेच चावली. आई त्यांच्या तोंडाकडे असं बघत होती, जसं मी निकालाच्या दिवशी बोर्डाकडे बघितलं होतं.

"अळणी," ताई म्हणाल्या. "जरा अळणीच."

आईला तोंडावर कुणी अळणी म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. ती लगेच उठली, मिठाची बरणी पुढे ओढली आणि नवी नवरी खूश होईल तशी खूश होऊन म्हणाली, "किती टाकू, सांगा."